जे आधी येईल ते

रविवार, ७ जानेवारी २००७

मीटर ८२१४. दर रविवारी साडेआठला कव्हर काढायचं, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, बंद करायचं, परत कव्हर. दोन हजार एकच्या एप्रिलमध्ये बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्याच महिन्यात ही गाडी घेतली. पावणेसहा वर्षांत तिला एक ओरखडा येऊ दिलेला नाही. पुण्याच्या रस्त्यांवर गाडी चालवून हे साध्य होत नसतं.

आज मात्र हवा भरायला नदीकाठी हिंदुरावांच्या गॅरेजला नेली. माणूस लोणी काळभोरचा, हात चांगला, भाषा रांगडी. बॉनेट उघडून म्हणाले, "साहेब, टायमिंग बेल्ट बदलून घ्या. साठ हजार किलोमीटर नायतर पाच वर्षं, जे आधी यील ते. तुमची पाच वर्षं कवाच झाली."

"आठ हजार किलोमीटरला?"

"रबराचा पट्टा हाय. उभ्या गाडीतबी वाळतो. फॅनचा पट्टा तुटायच्या आधी किंचाळतो तरी, ह्यो कायबी बोलत न्हाई. चालत्या गाडीत तुटला की इंजिन जागच्या जागी बंद. आतले वॉल्व वाकत्यात, खेळ खलास. दिवसभर गाडी ठिवावी लागंल, कधी आणताय तेवढं सांगा."

मी "बघू" म्हटलं. 'बघू' म्हणजे नाही, हे इतकी वर्षं पुण्यात धंदा करणाऱ्याला कळायला हवं. मंदा शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. येताना म्हणाली, "अहो, घ्या ना बदलून." हिने नव्व्याण्णव साली हौसेने लायसन्स काढलं होतं. गाडी आल्यावर एकदा चालवायला दिली, तर लक्ष्मी रोडवर ऐन गर्दीत बंद पाडली. मी जरा आवाज चढवला. त्यानंतर तिने कधी किल्ली मागितली नाही. माणसाला स्वतःची कुवत कळली की बरं असतं.

गुरुवार, ११ जानेवारी

सकाळी खराडीच्या कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीतून चैताली नावाच्या मुलीचा हिला फोन. त्यांच्या इंजिनिअरांना जपानी शिकवायला माणूस हवाय, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी. मंदाने लग्नाआधी जपानीच्या तीन परीक्षा दिल्या होत्या, तिसरीत पहिली आली होती. अवधूतच्या जन्मानंतर ती पुस्तकं माळ्यावर गेली. कुठून या लोकांना नाव मिळतं कोण जाणे.

मला पोळी वाढता वाढता तिने विषय काढला. मी म्हटलं, "पंचवीस वर्षांत एक वाक्य बोलली नाहीस. न वापरलेली भाषा गंजते. काय शिकवणार?"

"उजळणी करेन. दुपारचंच आहे, तुम्ही तेव्हा झोपलेले असता."

तेच तर. एक ते चार माझी झोप असते. बँकेत तेहतीस वर्षं ती मिळाली नाही, आता मी ती वसूल करतोय. क्रेडिट कार्डवाल्या मुली नेमक्या दोनला फोन करतात, म्हणून मी एकला रिसीव्हर काढून ठेवतो आणि चारला परत ठेवतो. चारला चहा. मी स्पष्ट सांगितलं, "दुपारी एक ते चार मला घर शांत हवं. तेवढं सांभाळ, बाकी माझी काही तक्रार नसते." ती बरं म्हणाली. विषय संपला.

रविवार, २१ जानेवारी

मीटर ८२६३.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ८२६३. गेल्या रविवारी ८२१४ होता, डायरीत लिहिलेलं आहे. गाडी जागेवर, कव्हरची गाठ माझीच, पेट्रोलचा काटा तसूभर हललेला नाही. मग हे एकोणपन्नास किलोमीटर आले कुठून? दिवसभर डोक्यात भुंगा.

रविवार, ११ फेब्रुवारी

मीटर ८४१०. दर आठवड्याला एकोणपन्नास, ठरल्यासारखे. मागच्या रविवारी कुणालाही न सांगता मागच्या चाकावर आणि खालच्या फरशीवर मिळून खडूची एक रेघ मारून ठेवली होती. चाक हललं की रेघ तुटणार. आज पाहिलं, रेघ जागच्या जागी. किंचित ठळक वाटली, पण ती हवेने असेल.

म्हणजे गाडी हललेली नाही आणि मीटर खोटा आहे. हे एकदा सिद्ध झालं की आठ हजार किलोमीटरसुद्धा खरे नाहीत. पट्ट्याचा प्रश्न परस्पर निकालात निघाला. हे मी मंदाला समजावून सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "पण वर्षं तर खरी आहेत ना?"

हिला अचानक पट्ट्याचं काय पडलंय, कळत नाही.

बुधवार, २१ फेब्रुवारी

गाडीच्या कंपनीला रजिस्टर्ड पत्र टाकलं. मुद्दे चार. त्यातला तिसरा जोरकस आहे: एखादी वस्तू वापरलीच नाही तर ती झिजते कशी, याचा लेखी खुलासा व्हावा.

शुक्रवार, २ मार्च

दुपारी अडीचला घशाला कोरड पडून जाग आली. पाण्यासाठी दोनदा हाक मारली. ओ नाही. मग आठवलं, मंगळवारी आणि शुक्रवारी ही तळमजल्यावर आनंदीबाईंकडे पोथी ऐकायला जाते. कूस बदलली, पण झोप काही लागली नाही. स्वयंपाकघरात गेलो तर डब्यांवर, फ्रिजवर, अगदी मिठाच्या बरणीवर रांगोळीच्या नमुन्यांसारखं काहीतरी काढलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. हिची हौस. परत येऊन डोळे मिटून पडलो. घर शांत होतं. चारला चहाचा कप समोर आला तेव्हा बरं वाटलं. हिला जरा धाप लागली होती. जिना चढून आली असेल.

संध्याकाळी ही बाल्कनीत पाठ करून मोबाइलवर बोलत होती. मोबाइल अवधूतने बंगळूरहून पाठवलाय, मला न विचारता. बाकी ऐकू आलं नाही, पण मधूनमधून "हाय... हाय, हाय" ऐकू आलं. शनिवार पेठेत जन्म आणि 'आहे'चं 'हाय'! गाडीला हवा भरताना हिंदुरावांशी उगाच बोलत उभी राहते, त्याचा हा परिणाम. मी टोकलं. तर इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. त्यात हसण्यासारखं काय होतं?

सोमवार, २६ मार्च

कंपनीचं उत्तर आलं. इंग्रजीत दोन ओळी. साठ हजार किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी येईल ते. तिसऱ्या मुद्द्याला बगल. 'जे आधी येईल ते' हे चार शब्द ज्याने शोधले त्याने सुटे भाग विकायची कायमची सोय करून ठेवली. मुदत ठेवीवर असं कलम आम्ही घातलं असतं, तर लोकांनी बँक पेटवली असती.

रविवार, १५ एप्रिल

आज गाडीत बसलो तर गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट चार बोटं पुढे! गेल्या महिन्यात हिंदुरावांच्या पोराने गाडी पुसली होती, त्याचा उद्योग असणार. मग मागच्या तीन रविवारी मला कसं कळलं नाही? डोकं चालेना.

वर येताना आनंदीबाई खिडकीत होत्या. त्यांची खिडकी थेट पार्किंगवर उघडते. पोथी कुठवर आली असं विचारलं. ऐकू कमी येतं त्यांना. "कोण आली?" म्हणाल्या. मग मोठ्याने, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात, "मंदाचा हात चांगला बसलाय हो आता! आधी फार भीती वाटायची मला." भरतकामाबद्दल असेल. पण भरतकामाची भीती कशाला वाटेल?

सोमवार, ११ जून

मे महिन्यात दोन आठवडे बंगळूरला अवधूतकडे होतो. तेवढे दोन आठवडे मीटर वाढला नाही. परत आल्यावर पुन्हा एकोणपन्नास. दमट हवा असली की वाढत असेल.

संध्याकाळी फोन. "सेन्सेई आहेत का?" मी म्हटलं, "या नावाचं इथे कोणी राहत नाही," आणि ठेवून दिला. बंगाली आडनाव वाटतं. हल्ली खराडी-विमाननगरकडे सगळ्या देशातले लोक येऊन राहिलेत, त्यांचे फोन आमच्याकडे.

गुरुवार, २१ जून

आज मी स्वतःहून हिंदुरावांकडे गेलो. कारण कबूल करतो: पट्टा काही डोक्यातून जात नाही. परवा रविवारी बॉनेटवर कान ठेवून इंजिन ऐकलं. आवाज चांगला होता. पण तो बोलत नाही, हेच तर हिंदुराव म्हणाले होते.

गॅरेजात आज सात-आठ गाड्या एकमेकींना चिकटून. यांच्यात दिवसभर माझी गाडी? म्हटलं, दसऱ्याला बघू. हिंदुराव हात पुसत जवळ आले, इकडे-तिकडे बघून हळू म्हणाले, "साहेब, गाडी चालती म्हणून म्हणतो."

"चालते कुठे? उभीच तर असते."

त्यांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "बरं," म्हणाले, "तुमची मर्जी."

घरी आल्यावर मंदाने विचारलं, "दिली तारीख?"

"दसऱ्यानंतर."

"तोवर तुटला तर?"

"अगं, तुटायला गाडी चालावी लागते!"

ती ताटं घ्यायला गेली आणि आत बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

मंगळवार, १० जुलै

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

चारला उठलो. चहा नव्हता. रिसीव्हर जागेवर ठेवला आणि त्याच क्षणी घंटा वाजली. मुलीचा आवाज, घाबरलेला. "सेन्सेई घरी आहेत का?" मी चुकीचा नंबर म्हणणार तोच ती म्हणाली, "सर, ठेवू नका! मंदाकिनी सेन्सेई. मी चैताली, खराडीहून. त्या क्लासला आल्याच नाहीत. मोबाइल बंद आहे आणि तुमचा फोन सव्वादोनपासून एंगेज लागतोय."

मी चपला न घालता खाली गेलो. गाडी नव्हती. कव्हर नीट चार घड्या करून कोपऱ्यात ठेवलं होतं, त्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून वीट. विटेशेजारी खडूचा तुकडा.

मी तो खडू हातात घेऊन किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. वर फोन वाजत होता. धावत जिना चढलो.

"उठलात?" मंदाचा आवाज, मागे ट्रकांची घरघर. "नाण्याच्या फोनवरून बोलतेय, रुपया एकच आहे. गाडी बंद पडलीय. मला काही झालेलं नाही. विमाननगर चौकाच्या पुढे, डाव्या हाताला. चहा ओट्यावर गाळून ठेवलाय, गरम तेवढा करून—" फोन तुटला.

तिसरा रिक्षावाला तयार झाला. नगर रोडवर येरवड्याच्या पुढे वाहनं मुंगीच्या पावलांनी. मी त्याला इतक्यांदा "चला, चला" म्हटलं, की शेवटी तो म्हणाला, "काका, तुम्ही चालवता का?"

मंदा फुटपाथच्या कडेला छत्री उघडून बसली होती. मांडीवर वह्यांचा गठ्ठा, हातात लाल पेन. वह्यांत ते रांगोळीचे नमुने पानंच्या पानं. पायात मागे पट्टा असलेल्या नव्या चपला. मला पाहून तिने पेनाला टोपण लावलं.

गाडीच्या मागे रस्त्यावर टायर घासल्याचे दोन काळे पट्टे होते. कुठल्याशा ट्रकने करकचून ब्रेक लावला होता. पट्टे जिथे संपत होते तिथपासून आमच्या गाडीच्या बंपरपर्यंत मी हाताने मोजलं. एक वीत आणि चार बोटं. मग तिथेच, तिच्या शेजारी, फुटपाथवर बसलो.

"कधी बंद पडली?"

"दीड वाजला असेल. हिंदुराव म्हणाले तस्सं. काही आवाज नाही, काही नाही. चालता चालता गेली. दोन पोरांनी ढकलून कडेला आणून दिली, आणि मग तो ट्रक मागून आला."

"चार वाजेपर्यंत अडीच तास इथे? आधी फोन का नाही केलास?"

"एक ते चार रिसीव्हर काढलेला असतो," ती म्हणाली. "मला माहीत नाही होय?"

मी विचारलं, कधीपासून. जानेवारीपासून, म्हणाली. बसने जायला-यायला तीन तास जातात, गाडीने पाऊण पाऊण तास. पेट्रोल ती येताना भरत असे, काटा होता तिथे येईपर्यंत.

"मला सांगितलं का नाहीस?"

"विचारलं होतं की. तुम्ही म्हणालात, एक ते चार घर शांत हवं, बाकी तक्रार नाही." तिने छत्री मिटली. "घर शांत नव्हतं का?"

"निदान पट्टा तरी परस्पर बदलून घ्यायचास."

"विचारलं होतं हिंदुरावांना. दिवसभर गाडी लागेल म्हणाले. माझ्याकडे दिवस कुठला? माझ्याकडे तीन तास असतात."

मी तिच्या मांडीवरचा वह्यांचा गठ्ठा उचलून घेतला.

बुधवार, ११ जुलै

हिंदुरावांनी सकाळी गाडी ओढून नेली. ही अजून झोपली आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यानंतर उठतेय. अंगात थोडी कणकण आहे, असं म्हणत होती.

तिचा मोबाइल मेलेला पडला होता, तो मी चार्जिंगला लावला. जरा वेळाने सुरू झाला. चैतालीला कळवावं, म्हणून नंबर शोधत होतो. केलेल्या फोनच्या यादीत सगळ्यात वर 'घर'. त्यावर दाबलं की वेळा दिसतात. एक चौतीस. एक पस्तीस. एक सदतीस. असे अकरा. शेवटचा दोन बारा, मग बॅटरी संपली असणार.

मला माहीत नाही होय, असं म्हणाली होती.

अकरा वेळा तिने त्या काढून ठेवलेल्या रिसीव्हरला हाक मारली, आणि मी कुशीवर वळून घोरत होतो. कंपनीला तिने एकही फोन केला नव्हता. पहिला घरी, दुसरा घरी, अकरावाही घरी. मी यादी बंद केली. तिला यातलं काही बोललो नाही. बोलायला तोंड हवं.

शुक्रवार, १३ जुलै

हिंदुरावांनी तुटलेला पट्टा माझ्या हातात दिला. काळा, दातेरी. वाकवला तर पाठीवर बारीक चिरा उघडल्या. "हे चालून न्हाई झालं साहेब," ते म्हणाले, "हे उभं राहून झालं." आतले वॉल्व वाकलेत, काम दोन आठवड्यांचं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"वैनींनी शपथ घातली हुती. तरीबी सांगायला बघितलं मी." मग म्हणाले, "गाडी लई झ्याक चालवत्यात. तुमच्यापरीस."

एरवी मी ऐकून घेतलं नसतं.

घरी आल्यावर मंदाला म्हटलं, त्या चैतालीला सांग, पुढच्या मंगळवारपासून येतेस. गाडी होईपर्यंत रिक्षाने. ती म्हणाली, "आणि दुपारचं काय?"

"दुपारचं मी बघतो," म्हटलं. "मी 'बघू' नाही म्हटलेलं, 'बघतो' म्हटलंय."

मग मी विचारलं, ते 'हाय, हाय' काय होतं? म्हणाली, जपानीत 'हाय' म्हणजे 'हो', आणि 'सेन्सेई' म्हणजे शिकवणाऱ्या बाई. मार्चमध्ये मी केलेला उपदेश आठवून कानशिलं तापली. ती मात्र पुन्हा तशीच हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

रविवार, २९ जुलै

मीटर ९३५६. गाडी काल आली. पट्ट्याच्या झाकणावर हिंदुरावांनी तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे. सीट चार बोटं पुढे सरकवून ठेवली, मोजून. आरसाही तिच्या उंचीला लावायचा होता, पण तो अंदाज मला येईना. तिला खाली बोलावलं. ती म्हणाली, "राहू दे, मी लावेन."

मंगळवार, ३१ जुलै

एकला पाच मिनिटं कमी असताना ती निघाली. मी खाली जाऊन कव्हर काढून दिलं. आनंदीबाईंनी खिडकीतून हात केला, तिला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत उभा राहिलो. वळताना तिने हात बाहेर काढला नाही, इंडिकेटर दिला.

एक वाजला. रिसीव्हर जागेवर. पलंगावर पडून पाहिलं, जमलं नाही. खुर्ची फोनजवळ ओढली. पेपर उघडला, एकच ओळ चार वेळा वाचली. सव्वा वाजता येरवडा असेल. दीडला तो चौक. उठलो, पाणी प्यालो, मिठाच्या बरणीवरची चिठ्ठी पाहिली, परत बसलो. एक पस्तीसला घंटा वाजली आणि मी दोन्ही हातांनी रिसीव्हर उचलला. मुलगी क्रेडिट कार्डाबद्दल विचारत होती. म्हटलं, "बाई, लाइन मोकळी ठेवायची आहे," आणि ठेवला. ठेवला तो नीट बसलाय का, हे दोनदा पाहिलं.

एक अडतीस. एक चाळीस. हे असं पडून राहिलेलं घर मी सहा वर्षं शांत म्हणत होतो.

एक त्रेचाळीसला पुन्हा वाजला.

"पोहोचले," मंदा म्हणाली. मागे मुलांचा गलका होता. मग, "जागे आहात?"

"हाय," मी म्हटलं.